बायकांच्या बाजूच्या फळ्या

दसरा सरून ऊन जरा निवळू लागलं, की आमच्या गावच्या देवळात जवसाच्या तेलाचा वास दाटतो. कच्चा, किंचित कडवट, आधी नाकाला नकोसा वाटणारा आणि मग दिवसभर पदराला चिकटून राहणारा वास. देऊळ म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ. पाथर्डीकडच्या त्या कोरड्या मुलखात म्हाताऱ्या माणसांना चर्च हा शब्द अजून परका वाटतो. दगडी भिंती, उंच अरुंद खिडक्या, आणि पायाखाली, त्या दगडधोंड्यांच्या गावात सांगून कुणाला खरं वाटणार नाही अशी, सागवानी फळ्यांची जमीन. मिशनच्या काळात कुणा गोऱ्या साहेबाला आपल्या देशातली घरं आठवली असतील, आणि त्याने बैलगाड्यांतून लांबून लाकूड आणवलं असेल. साहेब गेला, फळ्या राहिल्या, आणि त्यांना जिवंत ठेवण्याचं काम, गावातल्या बहुतेक कामांप्रमाणे, कुणी न सांगता बायकांच्या वाट्याला आलं.

मी आता भिंगारला राहते. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण उपासनेला जमेल तेव्हा माहेरच्या गावीच जाते, आणि दसऱ्यानंतरची ती तेलाची दुपार सहसा चुकवत नाही. मंडळीतली निम्म्याहून अधिक घरं त्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या रानात, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धुळीत सगळा हिवाळा काढायचा असतो. निघण्याआधी प्रत्येक बाई घरून वाटीभर तेल आणते, जुन्या लुगड्याचा बोळा करते, आणि बायकांच्या बाजूला आपण रविवारी मांडी घालून बसतो तेवढीच जागा सावकाश चोळून काढते. संपूर्ण जमीन नव्हे, शेजारणीची नव्हे, फक्त आपली. कुणी तेल कोमट करून आणते, कुणी त्यात लिंबावरच्या मधाच्या पोळ्याचं मेण विरघळवते, कुणी चिमूटभर गेरू घालते कारण तिच्या सासूनेही घातला होता. उंच खिडक्यांतून उतरलेल्या उन्हात त्या ओणव्या पाठी, ते गोल फिरणारे हात आणि हळूहळू खाली मुरत जाणारी ती ओल मी कितीदा पाहिली असेल, पण पाहून मन भरलं असं कधी झालं नाही.

म्हणून बायकांच्या बाजूला सागवानाचा असा एक रंग नाहीच. एक जागा चिंचोक्यासारखी काळपट, तिच्या शेजारची गुळाच्या रंगाची, तिसरी तांबूस. बाई वारली म्हणजे तिच्या जागेवर कुणी बसत नाही. ती आपोआप फिकट होत जाते, आणि घरात नवी सून आली की सासू तिला हाताला धरून तिथे बसवते. मग त्या जुन्या फिकटपणावर नवं तेल चढू लागतं. मुलगी आईच्या मांडीत मावेनाशी झाली, की तिला दाराजवळच्या ओळीत स्वतःची जागा मिळते. तुळशीचं लग्न नाही आणि गौरीचं कौतुक नाही अशा आमच्या घरांतून मुलीच्या वाट्याला येणारा तेवढाच एक सोहळा.

गेल्या दसऱ्यानंतर हा मान एस्तेरचा होता. एस्तेर लेआमावशीची नात. लेआमावशी आता थकली, तिच्याने कोयता उचलत नाही, म्हणून ती धाकट्या नातवंडांना घेऊन गावात राहते, आणि मुलगा, सून रूथ आणि थोरली एस्तेर टोळीबरोबर जातात. पोरीची शाळा सुटते याबद्दल मी रूथशी भांडून चुकले आहे. पण मुकादम दारात उभा असताना मास्तरणीचं कोण ऐकणार? त्या दुपारी एस्तेर दाराजवळच्या फळीवर जीव तोडून बोळा घासत होती. दंड भरून आले तेव्हा थांबली, आणि लेआमावशीला म्हणाली, “आजी, आमी न्हाई तवर हिला कोन पुसंल?”

“म्या हाय की,” लेआमावशी म्हणाली. “समद्यांच्याच पुसते, तुझी काय जड हाय?”

आणि ती पुसतच होती. गुडघ्यांचं दुखणं सांभाळत, दर शनिवारी, कोरड्या फडक्याने, ऊसतोडीला गेलेल्या प्रत्येक बाईची जागा. गाव सोडून गेलेल्या माणसांची घरं कुलपाआड असतात, अंगणात गवत माजतं, आणि ज्या रानात ती राबतात तिथल्या कोपीखालची माती त्यांची नसते. या बायांना आपली म्हणता येईल अशी जमीन उभ्या जगात तेवढीच, मांडी घालून बसण्यापुरती.

आता पुरुषांच्या बाजूबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना माझा स्वर चढला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. एके काळी पुरुषही खालीच बसत. मग कुणा दानशूराने बाकं दिली. ती दोन्ही बाजूंना पुरतील एवढी नव्हती, तेव्हा ती कुठे जावीत याची चर्चासुद्धा झाली नाही. बायांना लेकरं असतात, त्यांना खालीच बरं पडतं, असा निवाडा ज्यांनी दिला त्यांच्या मांडीवर कधी लेकरू झोपलेलं मी पाहिलं नाही. बाकं आली आणि त्यांच्यामागोमाग पायांतले बूट आत आले. बुटांबरोबर वाळू आली, पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी आलं. बाकांचे पाय फळ्यांवर ओढले जाऊन चरे पडले, आणि कडेच्या भिंतीतली गळती बाकांमागे कुणाला दिसलीच नाही. त्या बाजूला तेल लावण्याचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ते काम बायकांचं, आणि बायकांनी त्या बाजूला जायचं नाही. अखेर गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीलगतच्या फळ्या कुजून खचल्या, आणि एका आजोबांचा पाय आत गेला, तेव्हा देवळाच्या कमिटीचे डोळे उघडले.

कमिटीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ, अण्णाकाकांचा मुलगा प्रभाकरदादा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, शब्दाला वजन असलेला, आणि मनाने वाईट नसलेला माणूस. हे शेवटचं मी आज मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवशी मला ते आठवत नव्हतं. पाडलेल्या एका इमारतीचं जुनं सागवान त्यानेच खटपट करून मिळवलं, फळ्या बसवून घेतल्या, आणि कमिटीने ठरवलं की नव्या फळ्या बायकांच्या बाजूसारख्या दिसाव्यात, म्हणजे देऊळ एकसंध वाटेल. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी सुखावले. म्हटलं, चला, वर्षानुवर्षं चोळलेल्या त्या तेलाची कुणी तरी दखल घेतली.

काम आलं भिंगारच्याच एका मिस्त्रीकडे, इरफानकडे. जुन्या लाकडाला नवं लाकूड रंगाने मिळवून देणं हे मोठं चिकाटीचं काम असतं. आधी घासून लाकडाचा मूळ पोत वर काढायचा, मग एका कोपऱ्यात रंगाचे निरनिराळे पट्टे ओढायचे, सुकू द्यायचे, उजेडात बघायचे, आणि जुन्याशी मिळेल तो पट्टा निवडायचा. इरफानने तसे पट्टे ओढले, आणि बिचारा गोंधळात पडला, कारण त्याचा प्रत्येक पट्टा बायकांच्या बाजूच्या कुठल्या ना कुठल्या जागेशी मिळत होता आणि बाकी साऱ्यांशी फटकून वागत होता. “साहेब, इकडे एक कलर असेल तर मॅचिंग करून देतो, हे तर पन्नास तऱ्हेचं आहे,” असं त्याने कमिटीला सांगितलं. त्या जागा कुणाच्या, रंग वेगळे का, हे त्याला कुणी सांगितलं नाही. कारण कमिटीतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. रविवारमागून रविवार जी माणसं त्या जमिनीपासून चार हातांवर बसली, त्यांना ती डागाळलेली दिसत होती.

मग त्यांनी काय करावं? शेडकार्ड मागवलं आणि बाकांवर बसून हात वर करून रंग ठरवला! माणसाने मतदानाने पंच निवडावा, पण लाकडाचा रंगही? बहुमताने जो निवडला तो एखाद्या मंगल कार्यालयाच्या दारांना शोभावा असा लालसर, काचेसारखा चकचकीत. पुरुषांची बाजू त्या रंगाने झळकू लागली, आणि झळकल्याबरोबर पलीकडची बाजू सगळ्यांना मळकट वाटू लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर बिशपसाहेब येणार होते, त्यांना अर्धं देऊळ मळकं कसं दाखवायचं? तेव्हा ठराव झाला, की बायकांची बाजू घासून नव्या बाजूसारखी करून घ्यावी. म्हणजे ज्या जमिनीकडे बघून दुसरी करायची होती, तिलाच आता घासून त्या दुसरीसारखी व्हायचं होतं. आणि ज्यांची जमीन, त्या साऱ्याजणी कुठल्याशा कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत होत्या.

हे मला आधी कळलं नाही. माघातल्या एका शनिवारी मी एसटीतून उतरले, तो देवळातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येत होता. दारात गेले तर सागवानाची पिवळी धूळ खिडकीतल्या उन्हात तरंगत होती आणि इरफानचं घासायचं मशीन दाराजवळची ओळ संपवून आत वळत होतं. दाराजवळची ओळ, मुलींची ओळ. एस्तेरची जागा कुठे होती, हे मला आता नुसतं अंदाजाने दाखवता आलं असतं. तिथे कोरी, उघडी, रंगहीन फळी होती, आणि तिच्या कडेला, अजून न घासलेल्या भागावर, आपल्या काळ्याभोर जागी, लेआमावशी मांडी घालून बसली होती. तिच्या केसांवर धूळ बसली होती, हातातलं कोरडं फडकं तिने तसंच धरून ठेवलं होतं. दादा आणि कमिटीतले दोघे तिच्याशी समजुतीच्या सुरात बोलत होते.

मला इतका संताप आला, की पायातल्या चपला बाहेर काढल्या की नाहीत हेही आज आठवत नाही. रागात माझी शाळेतली भाषा गळून पडते आणि आईची भाषा तोंडात येते. “दादा, हे काय चालवलंय? कुनाला इचारून?”

“आगं, कमिटीचा ठराव हाय,” दादा म्हणाला. “दोन्ही बाजू येकसारख्या नको का दिसाया? आन हिकडं बघ की, समदे डागच डाग.”

“डाग न्हाईत ते. ती माणसं हायेत.”

“सुमन, लाकडाला लाकूड म्हन. बाया आल्यावर त्यांना बी चकाचक जमीन मिळनारच हाय. तोटा कुनाचा हाय ह्याच्यात?”

मी त्याला तेल सांगितलं, मेण सांगितलं, सासूच्या जागी बसणाऱ्या सुना सांगितल्या. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला तेच दिसत होतं जे बायकांच्या दुःखाची गोष्ट ऐकताना भल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर नेहमी दिसतं: थोडी दया, आणि हे आटोपल्यावर काम सुरू करता येईल असा धीर. मला या सोशिकपणाची चीड येते. भांडणारा माणूस निदान आपल्यासमोर उभा असतो. हा माणूस आपल्या बोलण्याभोवती वळसा घालून पुढे निघून गेलेला असतो.

एव्हाना बातमी फुटली होती. गावात राहिलेल्या बाया एकेक करून येऊ लागल्या. किती असणार त्या? म्हाताऱ्या, एक-दोन लेकुरवाळ्या, एकीचे दिवस भरत आलेले. प्रत्येक बाई चपला बाहेर काढून आपापल्या जागी जाऊन बसली. मीही माझ्या आईच्या जागी बसले. बायकांची बाजू अशी कधी बसलेली मी पाहिली नव्हती. एकीपासून दुसरी लांब, मध्ये नुसत्या फळ्या, वेगवेगळ्या रंगांच्या, रविवारी जिथे खांद्याला खांदा लागतो तिथे ऊन पडलेलं. दादाने ते दृश्य पाहिलं आणि त्याला तोडगा सुचला. खरंच, प्रामाणिकपणे सुचला.

“बरं, ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “तुमच्या जागा तुमाला ऱ्हाऊ द्या. निदान रिकाम्या तरी घासू द्या.”

अशा वेळी अंगाचा तिळपापड होतो म्हणतात. मी मात्र थंडगार पडले. बाई हजर असेल तर तिची जागा, नसेल तर ती रिकामी. पोटासाठी गाव सोडावं लागलं, एवढ्याने माणूस पुसून टाकण्याजोगं होतं. आणि हे बोलणारा कुणी परका मुकादम नव्हता, एकाच ताटातली भाकर वाटून खाल्लेला माझा भाऊ होता. मी काही तरी कडाडून बोलणार होते. पण त्याआधी लेआमावशी उठली.

तिला उठायला वेळ लागला. एक हात गुडघ्यावर, एक फळीवर. आपली ती काळीभोर जागा सोडून ती चालत पुढच्या ओळीत गेली, आणि रूथच्या गुळाच्या रंगाच्या जागेवर जाऊन बसली. पदर सारखा केला.

“घास माझी,” ती दादाला म्हणाली. “माझी जागा घास, प्रभाकर. म्या हाय हितं, मला भांडाया तोंड हाय. ज्या न्हाईत त्यांच्या जागंवर आमी बसतो.”

मग ती दिवस भरत आलेली पोर भिंतीला धरून उठली आणि एका तांबूस जागेवर जाऊन बसली. मग दुसरी. मग आम्ही सगळ्याच उठलो. आपापल्या सासवांच्या, आयांच्या, जन्मभराच्या जागा मोकळ्या टाकून त्या मूठभर बाया गेलेल्यांच्या जागांवर जाऊन बसल्या. पुरणार नव्हत्याच, पण लेआमावशीने दोन जागांच्या मधोमध बसायला सांगितलं, एकीवर गुडघा, दुसरीवर हात, आणि पदर पसरून टाकायला लावले. मी कुणाच्या जागेवर बसले होते मला माहीत नव्हतं. शेजारची म्हातारी म्हणाली, “ती मार्थाची. नीट बस, ती लई टापटिपीची हाय.” अशा प्रसंगीही मला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले.

इरफानने मशीनकडे पाहिलं, पसरलेल्या पदरांकडे पाहिलं. “साहेब, मशीनमध्ये पदर गेला तर बाईमाणूस ओढलं जाईल. मला नको ती जोखीम,” असं म्हणून त्याने वायर काढली आणि कोपराभोवती गुंडाळायला सुरुवात केली. कमिटीतले दोघे घड्याळ बघत बाहेर गेले. गिरणीचा आवाज थांबल्यावर देवळात इतकी शांतता झाली, की धूळ खाली बसल्याचंही ऐकू येईल असं वाटलं.

विजय झाला असं म्हणायला माझं मन तयार नाही. दाराजवळची ओळ गेली ती गेलीच. इरफान निदान तेवढीला तरी पॉलिश लावून देतो म्हणाला, तेव्हा लेआमावशीने मान हलवली. “काय बी लावू नगस, लेकरा. कोरी ऱ्हाऊ दे. पोरी येतील, त्यांच्या त्या लावतील.” मग ती ओणवी झाली आणि हातातल्या फडक्याने त्या उघड्या फळीवरची धूळ पुसू लागली. जिथे एस्तेरने तेल चोळलं होतं तिथेच ती पुसत होती का, हे मला सांगता येणार नाही. ती मात्र चाचपडत नव्हती.

बाया घरोघर गेल्या. मी दाराशी थांबले होते. दादा अजून पुरुषांच्या बाजूला, त्या लालसर झळाळीवर उभा होता. बाकं अजून आत आणली नव्हती, त्यामुळे ती सगळी बाजू मोकळी, एका रंगाची, भिंतीपासून भिंतीपर्यंत सारखी पसरलेली होती. तो दोन पावलं पुढे गेला, थांबला, मागे आला, खिडकीकडे पाहून काही तरी अदमास घेतल्यासारखं केलं. मग तिथूनच, जरा संकोचून, त्याने हाक मारली.

“मावशे, बाकडी यायच्या आधी समदे खालीच बसायचे ना? आमचे अण्णा कुठं बसायचे गं?”

लेआमावशीने हातातलं फडकं थांबवलं. तिने बायकांच्या बाजूच्या प्रत्येक फळीवर कोण बसत होतं, कोण तिच्यामागून आली, हे सांगितलं असतं. ती त्या चकचकीत जमिनीकडे वळली.

“त्या बाजूचं मला कसं म्हाईत असंल, प्रभाकर?” ती म्हणाली. “बायांनी तिकडं मान वळवायची न्हाई, आशी चाल हुती.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. दादा आपल्याच पायांखाली बघत उभा राहिला. माझा राग अजून जिथल्या तिथे होता, तसूभरही कमी झालेला नव्हता. फक्त तो कुणावर काढायचा, हे मला काही केल्या कळेना.